बर्फावर जायचे, पण पिशव्या कोण सांभाळणार?

सहलीला निघाले की प्रत्येक घरात एक माणूस ठरलेला असतो. बाकीचे पाण्यात उतरतात आणि तो चपलांच्या ढिगाशेजारी पिशव्या सांभाळत बसतो. बहुधा ती घरातली आजी असते, नाहीतर मुलांची आई. संध्याकाळी तिला विचारावे, "मजा आली का?" तर उत्तरही ठरलेले : "तुम्हाला बघून आली." आमच्या घरी ही जागा आधी आमच्या आईने सांभाळली आणि पुढे मुलांच्या आईने. म्हणून थंडीच्या दिवसांत बर्फावर जायचे ठरले तेव्हा आम्ही पहिला प्रश्न हाच घातला की, तिथे पिशव्या सांभाळत कोणाला बसावे लागेल का?

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही काही मोठे प्रवासी नव्हेत. लिपिकाची नोकरी, घरात पाच माणसे आणि वर्षाकाठी मोजकी रजा. मात्र कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी वहीत रकाने आखून बघायची सवय आहे. जानेवारी २०२३ मध्ये आम्ही बर्फावर जाऊन आलो. त्याआधी कोणते ठिकाण निवडावे याचा जो हिशेब घरात बसून मांडला, तोच येथे देत आहोत. आपल्यापैकी कोणाच्या घरी मुलांनी असा हट्ट धरला असेल तर उपयोगी पडेल.

हट्ट कसा सुरू झाला

फेब्रुवारी २०२२ मध्ये चीनमध्ये बीजिंग येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. एवढ्या मोठ्या आपल्या देशातून त्यात एकच खेळाडू उतरला होता, काश्मीरचा आरिफ खान. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग भागातला हा तरुण. वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या सामानाचे दुकान, त्यांनीच त्याला चार वर्षांचा असताना पट्ट्यांवर उभे केले. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने वर्तमानपत्रातले ते कात्रण कपाटाला चिकटवले आणि विचारले, "बाबा, हे शिकायला किती पैसे लागतात?"

प्रश्न सरळ होता, म्हणून आम्हीही उडवाउडवीचे उत्तर दिले नाही. पतपेढीत दरमहा दीड हजार रुपये अडीच वर्षे टाकण्याचे आधीच चालू होते. ती रक्कम जानेवारीत ४५ हजार होणार होती. मुलांची आई म्हणाली, "अहो, एकदा जाऊ या. दागिना काय, पुढेही होईल." आमची आई मात्र म्हणाली, "येवढं पैसं बर्फात घालायचं व्हय रं? त्यो तर वितळून जातुया." तिचे वय ६७. उभे आयुष्य रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात आणि पाट्या उचलण्यात गेले. तिच्या तोंडी हा प्रश्न शोभणारा होता. आम्ही तिला एवढेच म्हणालो, "तू येणार असशील तरच जायचे."

चार प्रश्न

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्की म्हणजे पायाच्या जाड बुटांना अडकवायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. दोन हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे. पाहायला सोपे, उभे राहायला अवघड. त्यामुळे ठिकाण निवडताना जाहिरातीतला फोटो पाहून चालत नाही. आम्ही वहीत चार प्रश्न लिहिले.

पहिला, जाण्यायेण्यात किती दिवस जातात? रजा सहा दिवसांची आणि मधला २६ जानेवारी व शनिवार-रविवार धरून एकंदर नऊ दिवस. त्यातले पाच वाटेतच गेले तर ती सहल कसली?

दुसरा, ठिकाण किती उंचावर आहे? अडीच हजार मीटरच्या वर गेले की काहींना धाप लागते, डोके दुखते. साडेतीन-चार हजारांवर तर धडधाकट माणसालाही जपावे लागते. आईच्या गुडघ्यांचा आणि दम्याच्या जुन्या त्रासाचा विचार करणे भाग होते.

तिसरा, नवशिक्याचा उतार कुठे आहे? चांगला शिकाऊ उतार लांब, रुंद, अंगणासारखा थोडासा कललेला असतो. तो रस्त्याजवळ असला तर ज्यांना स्की करायची नाही त्यांनाही तिथे फिरता, बसता, चहा पिता येतो. नाहीतर मुले एका डोंगरावर आणि आजी दुसऱ्या टोकाला गाडीत.

चौथा, बर्फ पडलाच नाही, किंवा इतका पडला की रस्ताच बंद झाला, तर काय? हाती एखादा मोकळा दिवस राहतो का आणि मुक्कामाच्या गावी दुसरे काही पाहण्यासारखे आहे का?

रकान्यातील नावे

गुलमर्ग. स्कीच्या बाबतीत देशातले हे सर्वांत नावाजलेले ठिकाण. बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर, उंची सुमारे २,६५० मीटर. येथील पाळण्यांच्या रोप-वेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसऱ्या टप्प्याने अफरवट पर्वतावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत जाता येते. खाली गावाजवळ शिकाऊ मुलांसाठी सोपे उतार आहेत, सरकारी प्रशिक्षण संस्था आहे. बर्फ भरपूर आणि भुसभुशीत. चार प्रश्नांपैकी तिसऱ्यात हे ठिकाण पहिले येते. पण आमचा अडथळा पहिल्या प्रश्नात होता. त्या वर्षी मुंबईहून जम्मूपर्यंत गाडीने दीड दिवस आणि पुढे श्रीनगरपर्यंत डोंगरातला रस्ता, जो हिवाळ्यात दरड किंवा बर्फाने कधी बंद होईल याचा नेम नसतो. विमानाचे भाडे पाच माणसांना परवडणारे नव्हते. म्हणून नाव राहिले, पण पुढच्या खेपेसाठी.

औली. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात. समोर नंदादेवीचे ७,८१६ मीटर उंचीचे शिखर दिसते. उतार अडीच ते तीन हजार मीटरवर, मोठे आणि मोकळे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा येथे झाल्या. खालच्या जोशीमठ गावातून वर नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोप-वे हे तेथील मोठे आकर्षण. ऋषिकेशपासून जोशीमठ मात्र सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस घाटातला. तरीही मुलीचा ओढा तिकडे होता. पण जानेवारी २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात बातम्या येऊ लागल्या की जोशीमठची जमीन खचते आहे, शेकडो घरांना तडे गेले आहेत, माणसे भर थंडीत घराबाहेर आली आहेत. रोप-वेही बंद करण्यात आला. तो पेपर वाचून मुलगी स्वतःच म्हणाली, "लोकांची घरं पडताहेत आणि आपण तिथे खेळायला जायचं?" औलीच्या नावावर तिनेच रेघ मारली.

नारकंडा. शिमल्याच्या पुढे सुमारे ६५ किलोमीटर, उंची सुमारे २,७०० मीटर. गर्दी कमी, खर्चही कमी. कालका-शिमला छोटी रेल्वे वाटेत लागते म्हणून धाकटा, जो चौथीत होता, त्याच्यासाठी हट्ट धरून बसला. परंतु तेथे बर्फाची खात्री कमी. पडला तर छान, न पडला तर हात हलवत परत. चौथ्या प्रश्नात हे ठिकाण नापास झाले.

सोलंग. हिमाचलात मनालीपासून सुमारे १३ किलोमीटर, उंची सुमारे २,५०० मीटर. मनाली त्याहून खाली, साधारण २,००० मीटरवर. म्हणजे खेळायला वर जायचे आणि झोपायला खाली यायचे, हे आईच्या छातीला बरे. शिकाऊ उतार थेट रस्त्याच्या कडेला. ज्यांना स्की करायची नाही त्यांच्यासाठी सव्वा किलोमीटरहून थोडा लांब रोप-वे आहे. स्कीसाठी हे ठिकाण गुलमर्गच्या तोडीचे नाही, उतार लहान आहे, गर्दीही फार. ज्याला पट्टीचा स्कीपटू व्हायचे आहे त्याने येथे थांबू नये. पण ज्या घरात एक आजी, एक चौथीतला मुलगा आणि दोन कधीच बर्फ न पाहिलेली मोठी माणसे आहेत, त्या घराच्या रकान्यात चारही प्रश्नांना "होय" याच नावापुढे आले.

वाट

मंगळवारी, २४ जानेवारीला बोरिवलीहून पश्चिम एक्स्प्रेसने निघालो. साधा स्लीपरचा डबा, सोबत दोन गोधड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईने केलेले लाडू. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या अलीकडेच धुके लागले. या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे तासन् तास रखडतात हे ऐकून होतो, म्हणून पुढची बस दुपारची न धरता रात्रीची धरली होती. गाडी चार तास उशिरा अंबाल्याला पोचली तरी बस चुकली नाही. अंबाल्याहून चंदीगड आणि तेथील सेक्टर ४३ च्या स्थानकावरून हिमाचल परिवहनची बस. २६ तारखेला सकाळी मनाली.

पहिल्या दिवशी कोठेही धावलो नाही. नव्या उंचीवर शरीराला एक दिवस द्यावा. जेवण करून झोपलो, संध्याकाळी बाजारात फिरलो. बाजाराच्या खालच्या अंगाला तिबेटी लोकांनी बांधलेला गोम्पा आहे. तेथे आई बराच वेळ शांत बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "थंडी हाय, पन बोचत न्हाई." आम्हाला हायसे वाटले.

कपड्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. जीनची पँट तर बर्फात सर्वांत वाईट. आत लोकरीचे, वर वारा अडवणारे, आणि हातमोज्यांचा एक जोड जास्तीचा. बर्फात घालायचे मेणकापडासारखे अंगभर कपडे आणि गमबूट सोलंगच्या वाटेवर भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. आधी भाव ठरवावा, शिवण आणि चेन तपासावी, बुटात हात घालून आत ओल आहे का बघावे. काळा चष्माही विसरू नये. पांढऱ्या बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना भाजून काढते.

उतारावर

पहिल्या दिवशी आम्ही फसलो, तेही लपवत नाही. गाडीतून उतरताच एका माणसाने मुलांना गाठले, पटापट पट्ट्या बांधल्या, दहा पावले ओढत नेले, फोटो काढा म्हणाला आणि माणशी पाचशे मागू लागला. वाद घालून शेवटी दोघांचे मिळून पाचशे दिले. मुलीचे डोळे भरून आले. "हेच का स्की?" असे तिने विचारले तेव्हा आम्हाला उत्तर सुचेना. अडीच वर्षांची बचत, दीड दिवसाचा प्रवास आणि हाती एक फोटो!

मुलांची आई तेवढ्यात पुढे झाली. तिने आजूबाजूला पाहिले आणि जेथे काही मुले खरोखर शिकत होती तेथे चालत गेली. एका तरुण शिक्षकाशी बोलली. किती वेळ शिकवणार, कोण शिकवणार, पट्ट्या आणि बूट त्यात धरले आहेत की नाहीत, नोंदणीचे ओळखपत्र आहे का, सगळे विचारले. रक्कम कागदावर लिहून घेतली. हे काम खरे तर आमचे, हिशेबनिसाचे. पण त्या दिवशी तिने केले आणि चोख केले. दोन दिवस, रोज दोन तास, मुलांसह आम्हा चौघांना तो शिकवणार असे ठरले.

त्याने पहिला अर्धा तास उभे राहण्यापलीकडे काहीच शिकवले नाही. बूट आवळून घट्ट, आत एकच मोजा. दोन-दोन मोजे घातले तर पाय आत हलतो. पट्ट्यांची उंची शिकणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत, लांब पट्टी नवशिक्याला आवरत नाही. मग पडायला शिकवले. तोल गेला की मागे न बसता कुशीवर पडायचे. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच घसरायला होते. त्यानंतर थांबणे. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब करायची, गुडघे थोडे आत. मग पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. शेतकरी नांगराला भार देतो तसे हे, असे तो म्हणाला. "ज्याला थांबता येतं त्यालाच उतरता येतं," हे त्याचे हिंदीतले वाक्य आम्ही मुलांना आजही ऐकवतो.

बोलता बोलता त्याने शेजारच्या बुरुआ गावाकडे हात केला. आंचल ठाकूर त्या गावची. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. स्कीमध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर आपल्या देशाला मिळालेले ते पहिले पदक, असे तेव्हा सांगितले गेले. आमच्या मुलीला आरिफ खान माहीत होता, ही माहीत नव्हती. "मुलगी?" तिने दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशी ती शंभर-सव्वाशे फुटांचा उतार न पडता खाली आली आणि स्वतःच्या पायांनी थांबली. धाकटा थांबायला न शिकता उतरायलाच शिकला, त्यामुळे दर वेळी शिक्षकाच्या पायांवर येऊन आदळे. मुलांची आई आमच्याहून बरी निघाली. आम्ही किती वेळा पडलो ते वहीत लिहिलेले नाही.

आणि आई? आमच्या पिशव्या गाडीत कुलपात होत्या, तेव्हा तिला बसून राहायला कारणच उरले नव्हते. एक माणूस लाकडी घसरगाडी घेऊन आला. "माताजी, बैठो, खींचूंगा." दोरी त्याच्या खांद्यावर. आई त्या दोरीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मानसानं मानसाला वढायचं? मला न्हाई जमायचं." तो म्हणाला की माताजी, माझी रोजी आहे. हे मात्र तिला पटले. तिने तोड काढली. त्याने तिचा हात धरून तिला उतारावर चालवायचे, घसरगाडी ओढण्याचे जे पैसे ते हात धरण्याचे. तो हसला आणि कबूल झाला. गमबुटात, काठी टेकत, अनोळखी माणसाचा हात धरून आमची ६७ वर्षांची आई बर्फावर अर्धा तास चालली. दोन वेळा पडली, दोन्ही वेळा हसत उठली. दुपारी ती आणि मुलांची आई रोप-वेने वर जाऊन आल्या. खाली उतरल्यावर आईने आम्हालाच विचारले, "तुमी काय बघितलं?"

मोकळा दिवस

रविवार, २९ जानेवारी आम्ही हातचा ठेवला होता. बेत होता अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू गावी जाण्याचा. रोहतांग खिंडीखालून काढलेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात लाहौलचा रस्ता महिनोन् महिने बंद असे. पण रविवारी आभाळ भरून आले आणि बर्फ पडू लागला. वरचा रस्ता पोलिसांनी अडवला. इतर पर्यटक हळहळत होते. आमचा बेत हुकला, पण दिवस बुडाला नाही. दारातच बर्फ पडत होता. मुलांनी गल्लीत घरमालकाच्या नातवंडांबरोबर बर्फाचा माणूस केला. त्या दिवशी खेळाचा खर्च शून्य.

सोमवारी दुपारी परतीची बस होती, ती रस्ता मोकळा झाल्यावर सुटणार होती. रस्त्यावर मजूर फावड्यांनी बर्फ ओढत होते, त्यात बायकाही होत्या. पायात साधे रबरी बूट, डोक्याला फडके. आई उठून त्यांच्याकडे गेली. तिला हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी बोलणे झाले. झारखंडकडच्या होत्या. आईने आपले तळहात त्यांना दाखवले, त्यांनी आपले दाखवले. उरलेले सगळे लाडू तिने तेथे वाटले. बसमध्ये बसल्यावर एवढेच म्हणाली, "ह्या बायांनी वाट केली म्हून आपुन जातुया. ल्येकरांना सांग."

हिशेब आणि आजची स्थिती

वहीतला हिशेब असा : रेल्वे ७,१०० रुपये, बस ५,८००, चार रात्रींची खोली ६,४००, जेवणखाण ८,९००, सोलंगपर्यंत टॅक्सी ४,६००, स्की आणि शिक्षक ५,६००, बर्फाचे कपडे २,२००, रोप-वे १,४००. एकूण ४२ हजार. पहिल्या दिवशी फसवणुकीत गेलेले पाचशे आणि आईच्या सोबत्याची मजुरी उरलेल्या तीन हजारांतून गेली. हे २०२३ चे दर आहेत, आता जाणाऱ्याने वाढ धरूनच चालावे.

१ फेब्रुवारीला रात्री घरी पोचलो. त्याच दिवशी गुलमर्गला अफरवटच्या अंगाला हिमकडा कोसळून दोन परदेशी स्कीपटू दगावल्याची बातमी लागली. आखलेला, राखलेला उतार सोडून कोऱ्या बर्फावर जाणे हा कसलेल्या लोकांसाठीसुद्धा जिवाचा खेळ आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्याने दोरी लावलेली हद्द कधीही ओलांडू नये.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या ध्यानात घेऊनच रकाने भरावेत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते, बर्फ महिनाअखेरीस पडला. २०२५ मध्येही तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून नाताळची घाई न करता जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धरावा आणि परतीचे तिकीट बर्फ पडण्याच्या भरवशावर काढू नये. ६ जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाली, साधारण तीन तासांत. त्यामुळे गुलमर्गचा पहिला प्रश्न बराच सुटला. मात्र त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाली, त्यात आपल्या महाराष्ट्रातील माणसेही होती. तिकडे जाण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात. मनालीकडे बियास नदीने जुलै २०२३ आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये रस्ता तोडला होता, तेव्हा निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी. औलीला जाणाऱ्याने रोप-वेच्या भरवशावर न राहता रस्त्याचा खर्च धरावा.

तात्पर्य, ठिकाणाचे नाव ज्याने त्याने आपल्या घराकडे बघून ठरवावे. दोन जवान मुलांचे घर असेल तर गुलमर्ग निवडावे. आमच्यासारखे घर असेल तर लहान उतारही मोठा आहे. मात्र वहीत पहिला रकाना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाच्या नावाने आखावा.

परत आल्यावर आठवडाभराने शेजारच्या काकू आईला विचारायला आल्या, "काय आजी, मजा आली का पोरांना बघून?"

आई म्हणाली, "पोरांचं ऱ्हाऊ दे. मी दोनदा पडले, ते ऐक आधी."